एकसष्टावं कुटुंब

कंपनीच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि जुने मोडीत निघाले. त्यातला एक रविराजनं स्टोअरकीपरला गळ घालून, पगारातून हप्ते कापून घ्यायच्या बोलीवर उचलला आणि मित्राच्या टेम्पोतून नाशिकच्या सातपूर कॉलनीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणला. २००२ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. "तुझ्या पीएचडीला," एवढंच तो बायकोला, स्नेहलला म्हणाला आणि शिफ्टला उशीर होतोय म्हणून चहाही न घेता निघून गेला. शिलाई मशीन बाजूला सरकवून त्या टेबलावर तिनं कॉम्प्युटर मांडला.

स्नेहल एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्या तासांचे पैसे. दिवाळीची सुट्टी, मे महिना, परीक्षेचे दिवस सगळे कोरडे. आणि झालेल्या तासांचं बिलही वर्षातून एकदा निघायचं, तेही कुणाची तरी सही अडली की पुढच्या वर्षावर जायचं. प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा पास होऊन तिला पाच वर्षं झाली होती. संध्या मॅडमच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी चालू होती. विषय होता, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कामगारांच्या घरखर्चाचा. कंपन्या एकदम दोन-तीन लाख हातावर ठेवून माणसं कमी करत होत्या. त्या पैशांचं पुढं काय होतं, घर कसं चालतं, हे ती अशोकनगर, श्रमिकनगरच्या गल्ल्यांतून घरोघरी विचारत फिरली होती. साठ कुटुंबं झाली. ती सगळी माहिती तिनं एक्सेलमध्ये भरली. एका ओळीत एक कुटुंब, पुढं रकाने: किराणा, भाडं, शिक्षण, औषधपाणी, सणवार, कर्ज, शिल्लक.

एका दुपारी साठाव्या ओळीखाली तिनं सहज स्वतःच्या घराचे आकडे घातले. एकसष्टावं कुटुंब. मॅडमना दाखवायच्या आधी ही ओळ पुसू, असं तिच्या मनात होतं. पण बेरीज समोर आली आणि ती बघतच राहिली. वर्षभराचं तिचं मानधन बारा महिन्यांत वाटलं, तर त्यात घरभाडंसुद्धा निघत नव्हतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण आजवर ते इतकं सरळ तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

मग तिनं ती ओळ वेगळ्या फाइलमध्ये नेली. दर महिन्याला एक पान. शेवटी आणखी एक पान, पुढच्या वर्षांचं. रविराज कामावरून आला की ती विचारायची, "आज काही खर्च?" सुरुवातीला तो हौसेनं सांगायचा. मित्राच्या मुलाच्या वाढदिवसाला पेन्सिलींचा डबा नेला तेव्हा तिनं विचारलं, "हे कशात टाकू? सणवारात?" तो हसला. पुढं पुढं तो हसेनासा झाला. ओव्हरटाइम बंद झाला होता, आठवड्यातून एक दिवस कंपनीच बसवून ठेवायची. तिच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक दिवसांत त्यानं टपरीवरचा चहा एकदाही सांगितलेला नाही. पीत नव्हता की सांगत नव्हता, हे तिनं विचारलं नाही. चहाचा रकाना रिकामा राहिला आणि महिन्याची बेरीज जरा बरी दिसली.

एप्रिलमध्ये जाहिरात आली. शहराबाहेरच्या एका संस्थेच्या कॉलेजात अर्थशास्त्राची पूर्णवेळ जागा. स्नेहलच्याच कॉलेजात ललित नावाचा तिच्यासारखाच तासावर शिकवणारा मुलगा होता. दोघांचा विषय एकच, त्यामुळं दोघं एकमेकांशी जरा जपूनच बोलत. त्या दिवशी मात्र स्टाफरूममध्ये कुणी नाही असं बघून तो तिच्यासमोर बसला.

"तुम्ही अर्ज करणार ना, मॅडम?"

"करणार. का?"

"चार मागताहेत." त्यानं टेबलाकडं बघत सांगितलं. "लाख. देणगी म्हणून. पावती अर्ध्याचीच. मी सासऱ्यांशी बोललोय, ते बघतो म्हणालेत. तुम्हाला न सांगता अर्ज करणं बरं वाटेना."

त्या क्षणी तिला किळस आली. घरी येताना बसमध्ये ती मनातल्या मनात त्या संस्थेवर, ललितवर, आपल्या शिक्षणावर चिडत होती. संध्याकाळी भात लावून ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि पुढच्या वर्षांच्या पानावर नवी ओळ घातली. तिथं मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून इंग्रजीत 'डोनेशन' लिहिलं. चार लाख. व्याज धरलं. समोर पूर्णवेळ पगार, महागाई भत्ता, दरवर्षीची वाढ. चौथ्या वर्षाच्या दिवाळीला लाल आकडा काळा झाला. त्यापुढं तो नुसता वाढतच होता, तिच्या निवृत्तीपर्यंत. तिनं व्याज वाढवून बघितलं, वाढ कमी करून बघितली. सहा महिने मागंपुढं झाले, इतकंच. कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की किळस कुठंतरी विरून गेली आहे. आता प्रश्न फक्त चार लाख आणायचे कुठून, एवढाच उरला होता.

रविवारी ती सीबीएस स्टँडवरून एसटीनं माहेरी, सायखेड्याला गेली. रविराजला तिनं "तात्यांना भेटून येते," एवढंच सांगितलं होतं.

तात्या म्हणजे तिचे वडील खंडेराव, खाऊन-पिऊन सुखी शेतकरी होते. गोदावरीकाठची काळी जमीन, द्राक्षाची बाग, कुणाचं देणं नाही. शेती आता तिचा धाकटा भाऊ मयूर बघायचा. जेवणं झाली, पंख्याखाली सगळे टेकले, तेव्हा तिनं विषय काढला. कागदावर आकडेमोड छापून आणली होती. तात्यांनी तो कागद हातात घेतला, चष्मा नव्हता म्हणून तसाच परत दिला.

"पर्मनंट होशील ना यानं?" त्यांनी विचारलं.

"होईन."

"मंग पाटाकडचं अर्धा एकर काढू. गिऱ्हाईक हाय. मुलीला नोकरी लागती, त्याच्यापेक्षा काय मोठं हाय का?"

सुपारी कातरता कातरता मयूर म्हणाला, "तात्या, पाटाकडचं काढलं तर बागाला पानी कुठून आनू? पाइपलाइन तिथूनच येती."

"मंग?"

"इकायची गरज नाय." त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "ताई, दोन लाख मी देतो. बागाचे पैसे आलेत. परत मागनार नाय. बाकीचे दाजींनी बघावं. फक्त तू हक्कसोड करून दे. आज ना उद्या करायचीच हाय ना, सगळ्याच बहिनी करत्यात. मी काय वावगं बोलत असंन तर सांग."

वावगं तो बोलत नव्हता. गावात हे रोज होत होतं. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क बहिणी भावाच्या नावानं सोडून देत, साडीचोळी घेत, आणि माहेर टिकवत. मयूर तर वर दोन लाख देत होता. स्नेहलला रागवायला जागाच सापडेना. तात्या पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत बसले. ते नाही म्हणाले नाहीत.

ती मागच्या दारी हात धुवायला गेली, तशी आई, सगुणाबाई, पाठोपाठ आली. हंड्यातून पाणी घालता घालता म्हणाली, "मी पन केलती सही. तुझ्या मामाला. तहसीलला बैलगाडीतून नेलं, येताना इरकल घेतलं मला."

"मग?"

"मंग काय. लुगडं लय चांगलं व्हतं." आईनं तांब्या हंड्यावर पालथा घातला. "तवापासून तिथं गेले का पाव्हनी म्हनून जाती. आधी घरची म्हनून जायची. आता तसं कुनी बोलत नाय, पन मलाच वाटतं. तू शिकलेली हाय. तुझं तू बघ."

परतीच्या एसटीत स्नेहल त्या एकाच गोष्टीचा विचार करत होती आणि ती गोष्ट अगदी साधी होती. हक्कसोड तक्त्यात कुठं लिहायची? दोन लाख जमेला धरले, तर समोर खर्ची काय टाकायचं? त्या जमिनीचं आजवर तिला एक पैचंही उत्पन्न नव्हतं. तिथं शून्य लिहिलं तरी बेरीज बरोबरच येणार होती.

पुढच्या रविवारी सकाळी रविराज घरी होता. अंघोळ करून, केस पुसत तो तिच्या मागं येऊन उभा राहिला. तोवर तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. चार लाख, तात्या, मयूर, सगळं. त्यानं ऐकून घेतलं होतं.

"दाखव तरी मला," तो म्हणाला.

तिनं स्टूल ओढून दिलं. पुढच्या वर्षांचं पान उघडलं आणि बोट ठेवून समजावू लागली. तो लेथवर काम करणारा माणूस, मापं वाचायची सवय होती. त्याची नजर तिच्या बोटाच्या पुढं गेली.

"हे काय?"

खालच्या बाजूला एक ओळ होती. 'बेबी'. जून २००५ पासून, महिना अठराशे.

"ते असंच," ती म्हणाली. "अंदाज. पर्मनंट झाल्यावर दोन वर्षांनी प्रोबेशन संपेल, तेव्हा..."

"दोन हजार पाचचा जून." त्यानं टॉवेल मांडीवर ठेवला. "आई दर फोनला विचारते. मी सांगतो, हिचं शिक्षण होऊ दे. आपलं ठरलंय, असंही सांगतो. कधी ठरलं, ते मला आज कळतंय."

"अहो, ठरवलं नाही. नुसतं मांडलंय."

"तेच ना. मांडताना मला हाक मारायची होतीस. मी शेजारच्याच खोलीत असतो."

आवाज चढला नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं. ती काही बोलणार, तेवढ्यात तो उठला, खुंटीवरच्या पँटच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि कीबोर्डवर ठेवला. कंपनीचं पत्र होतं. स्वेच्छानिवृत्तीची योजना. पावणेतीन लाख. तारीख दीड महिन्यापूर्वीची.

"तुम्ही सांगितलं नाही मला," ती म्हणाली.

"नाही सांगितलं."

"का पण?"

"तू ते लगेच एखाद्या चौकटीत भरलं असतंस. आणि खाली बेरीज बरोबर आली असती." तो पुन्हा स्टुलावर बसला. "मग मी काय बोलणार होतो? मला कामावर जायला आवडतं, हे कुठल्या चौकटीत भरणार होतीस?" पत्र तिच्याकडं सरकवत तो म्हणाला, "घे आता. भर. पावणेतीन हे, बाकीचे मयूरकडून. हक्कसोड नको करूस, उसने घेऊ. मी उद्या सही करतो. एवीतेवी कंपनी दोन वर्षं काढेल असं वाटत नाही."

स्नेहलनं तो आकडा भरला नाही. पण न भरताही तिला बेरीज दिसली. अगदी बरोबर बसत होती. रविराजचा पगार जाईल, तिचा येईल, कर्ज जवळजवळ नाही. तिनं आजवर केलेल्या सगळ्या मांडण्यांत ही सगळ्यात चांगली होती.

आणि त्याच वेळी तिला कलाबाई आठवली. अशोकनगरमधली, तिच्या साठांपैकी एक. नवऱ्यानं व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतलेली बाई. "पैसे आले तेव्हा सगळ्यांचे आवाज गोड झाले होते हो," असं ती सांगत होती. "आता हे दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात. मी धुणीभांडी करून येते तर माझ्याकडं बघत नाहीत. मलाच चोरट्यासारखं आत शिरावं लागतं." स्नेहलनं ते फॉर्मवर लिहून घेतलं होतं आणि मग, कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणून, सोडून दिलं होतं.

"तुम्ही सही करायची नाही," ती म्हणाली.

"आणि जागा?"

"नको."

"नको म्हणायला तुला सोपं जातंय का?"

"नाही," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. सोपं अजिबात जात नव्हतं. तिला ती जागा हवी होती. खुर्ची, महिन्याच्या महिन्याला पगार, हजेरीपटावर पेननं लिहिलेलं नाव, सगळं हवं होतं. रविराजनं तिची समजूत घातली नाही. तो नुसता शेजारी बसून राहिला. बऱ्याच वेळानं उठून त्यानंच चहा टाकला.

सायखेड्याला तिनं फोन केला. तात्या म्हणाले, "बरं," आणि रिसीव्हर मयूरकडं दिला. "ताई, माझ्यामुळं नाय म्हनतीस का?" त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली, तरी त्याला ते खरं वाटलं नसावं. त्या वर्षी राखीपौर्णिमेला तो आला नाही. बागेत फवारणी आहे असा निरोप आला.

मुलाखतीला मात्र ती गेली. अर्ज केलाच होता, आणि कुठंतरी वेडी आशाही होती. विषयाचे दोन प्रश्न झाले, तिनं उत्तरं चांगली दिली. मग संस्थेच्या सचिवांनी फाइल मिटत विचारलं, "बाकी तयारी काय आहे?" ती म्हणाली, "तशी काही नाही, सर." त्यांनी अगदी आपुलकीनं मान हलवली, जणू तिच्या घरी कुणी आजारी असल्याचं कळलं होतं. जागा ललितला मिळाली. त्यानं पेढे आणून दिले. तिनं एक खाल्ला, एक रविराजसाठी रुमालात बांधून आणला.

इथं गोष्ट संपली असती, तर स्नेहलनं योग्य तेच केलं असं सहज म्हणता आलं असतं. पण २००५ च्या पावसाळ्यात रविराजची कंपनी खरंच बंद पडली. एका सकाळी गेटला कुलूप आणि वर नोटीस. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी व्हीआरएस घेतली होती, त्यांना त्यांचे पैसे पूर्ण मिळून गेले होते. जे राहिले, त्यांची देणी कोर्टात अडकली. रविराज राहिलेल्यांतला. घरात तेव्हा आठ महिन्यांची मुलगी होती. कुठल्याही पानावर तारीख न लिहिता ती आदल्या दिवाळीनंतर जन्मली होती.

ते महिने वाईट गेले. भाडं दोनदा थकलं. रविराज रोज सकाळी शर्ट घालून अंबडच्या छोट्या वर्कशॉपांतून काम विचारत फिरायचा. एक दिवस स्नेहलला राहवेना. "मीच अडवलं तुम्हाला," ती म्हणाली. "पावणेतीन लाख गेले. आणि माझी जागाही."

रविराज मुलीला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होता. "ज्यांनी घेतले ते काय करताहेत, बघून ये," तो म्हणाला. "तुझं कामच ते आहे. मग रड."

ती खरंच गेली. रविराजच्याच खात्यातल्या चौघांनी तेव्हा सह्या केल्या होत्या. एकानं रिक्षा घेतली होती, ती कर्जापायी गेली. एकाचे पैसे मुलीच्या लग्नात संपले होते. एकाचं बरं चाललं होतं, गंगापूर रोडला त्यानं पिठाची गिरणी टाकली होती आणि स्नेहलला त्यानं आग्रहानं चहा पाजला. चौथा पिऊ लागला होता. कुठल्याच बाजूनं कौल मिळाला नाही. घरी येऊन तिनं रविराजला ते तसंच सांगितलं. तो "हं," म्हणाला. दिवाळीच्या आधी त्याला अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये काम लागलं, पूर्वीच्या दोन-तृतीयांश पगारावर.

काम लागलं त्या रात्रीपासून एक्सेलचं पान दोघं मिळून भरू लागले. म्हणजे भरायची तीच, तो मुलीला थोपटत शेजारी बसून आकडे सांगायचा. पुष्कळदा भांडणही व्हायचं. गॅस सिलिंडर कुणी लवकर संपवला यावरून एकदा दोन दिवस अबोला झाला होता.

प्रबंध तिनं २००६ च्या अखेरीस दिला. तोंडी परीक्षा पुढच्या वर्षी मार्चमध्ये झाली, नाशिकलाच. संध्या मॅडम काठापदराची साडी नेसून आल्या होत्या. खोली छोटी होती. मागच्या बाकावर रविराज बसला होता, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी तक्त्यांची स्तुती केली, दोन चुका दाखवल्या. मग पानं उलटत म्हणाले, "तुमचा सगळा भर ज्यांनी पैसे घेतले त्यांच्यावर आहे. ज्यांना योजना आली आणि ज्यांनी नाकारली, त्यांच्यावर एकच परिच्छेद. ती माणसं हिशेबात कच्ची होती, असं समजायचं का?"

संध्या मॅडमनी तिच्याकडं बघितलं. या प्रश्नाची तयारी त्यांनी करून घेतली नव्हती.

"नाही, सर," स्नेहल म्हणाली. "त्यांच्याकडं हिशेब होता. पण काही गोष्टी मला विचारताच आल्या नाहीत. माझ्या प्रश्नावलीत तसे प्रश्न नव्हते."

"उदाहरणार्थ?"

"कामावर जायला आवडतं का, हा प्रश्न नव्हता. घरात हे कुणी कुणाला विचारून ठरवलं, हाही नव्हता."

परीक्षकांनी पेन टेकवून काहीतरी लिहिलं. "हे प्रबंधात यायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो, सर. राहून गेलं."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. अर्ध्या तासानं निकाल जाहीर झाला, टाळ्या वाजल्या, मॅडमनी तिला जवळ घेतलं. कुणीतरी रविराजला म्हणालं, "अभिनंदन, आता डॉक्टरीणबाई." तो नुसता मान डोलावून हसला. तिच्या हातातला जड प्रबंध त्यानं काखेत घेतला.

जूनपासून पुन्हा तासिकाच होत्या, त्याही कॉलेजनं अजून पक्क्या सांगितलेल्या नव्हत्या. स्टॉपवर सातपूरच्या बसची वाट बघताना स्नेहलनं ते त्याला सांगितलं.

"किती मिळतील?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. मागच्या वर्षीचंच बिल यायचंय."

"बघू," तो म्हणाला. बस भरून आली. त्यानं आधी तिला चढवलं, मग प्रबंध छातीशी धरून स्वतः दारात उभा राहिला.